सगळ्यात कमी हजेरी

१४ नोव्हेंबर

काल दुपारी पोचलो. कुडाळ स्टेशनवरून रिक्षा केली. तेजू सगळ्या वाटेत बडबडत होती. माडांच्या मधून समुद्र दिसला तशी ती रिक्षात उभीच राहिली. घरासमोर उतरल्यावर तिने चपला अंगणात काढल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत वाळूवर पळाली. मामा दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या मागे निघाले. "खंय चाललंस गो माझ्या बाये? पाणी थंड आसा!" चालता चालता ते हसत होते. मामीही हसल्या. घर छान आहे. ओसरीवर वारा येतो. मला वरची खोली दिली आहे, तिच्या खिडकीतून सगळा किनारा दिसतो.

मामा आणि मामी म्हणजे माझे सासूसासरे, धोंडू मेतर आणि सुगंधा. तेजू, म्हणजे तेजस्वी, माझी मुलगी. पाच वर्षांची आहे. आकांक्षा, माझी बायको, ऑगस्टमध्ये पुण्यात गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. अस्थी इथेच सोडल्या, पण तेव्हा दुसऱ्या दिवशी मी परत गेलो होतो. राहायला असा पहिल्यांदाच आलोय. डॉक्टरांनी रोज थोडं लिहायला सांगितलं आहे, म्हणून लिहितोय.

१६ नोव्हेंबर

आज रापण बघितली. माझं गाव वैभववाडीकडचं, घाटाखालचं. आम्ही भात आणि काजूवाले. समुद्राचं मला काही कळत नाही.

होडी जाळं घेऊन आत जाते आणि पाण्यात मोठा अर्धा गोल घालून परत येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि ओढत ओढत एकमेकांच्या जवळ येतात. बायका, म्हातारे, सगळे ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो. वाळूवर वाटे मांडले की ते कुणी मोजून बघत नाही. आज पेडवे आणि थोडे बांगडे होते.

मामा ह्या रापणीचे प्रमुख आहेत. त्यांनी तेजूचे हात दोरावर ठेवले आणि सत्यवानला तिचं नाव घालायला सांगितलं. हजेरी सत्यवान ठेवतो, मोबाइलवर. नाव असंच घालतात, हात दोरावर असताना. आकांक्षाचंही असंच घातलं होतं, ती तेजूएवढी असताना.

१९ नोव्हेंबर

मामांनी काम दिलं. त्यांनी फार बिचकत विचारलं. मला बरं वाटलं, कारण मला काही विचारायला सध्या सगळेच बिचकतात.

हल्ली दोरावर माणसं कमी पडतात. तरुण पोरं पर्यटकांच्या बोटींवर जातात. बोलावल्याशिवाय एक पण येणा नाय, असं मामा म्हणाले. पूर्वी ते घरोघर हाका मारत फिरायचे, आता गुडघे चालत नाहीत. तर ज्याची हजेरी सगळ्यात कमी, त्याला संध्याकाळी मोबाइलवर आपोआप निरोप जावा. म्हणजे ज्याने कमी ओढलं त्याने यायचं आणि दोरावर सगळ्यात पुढे, पाण्यात उभं राहायचं. ही पुढची जागा कुणालाच नको असते.

मी म्हटलं, सोपं आहे. पुण्यात मी हेच करतो. डेटाबेसमधून हव्या त्या ओळी काढणं.

२१ नोव्हेंबर

काल कामाला बसलो. वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. आधी मी हजेरी चढत्या क्रमाने लावली आणि पहिली ओळ घेतली. पहिल्या ओळीत नाव आलं: आकांक्षा धोंडू मेतर. हजेरीचा रकाना रिकामा.

मी बराच वेळ बघत बसलो.

मामांना विचारलं. ते म्हणाले, जो समुद्रात गेला त्याचा नाव काढूचा नसता. बुडालेले, आणि ज्यांच्या अस्थी इथे सोडल्या तेही. नाव राहतं, पुढे काही लिहीत नाहीत. "रिकामा असा तर रिकामाच रवांदे." त्यांच्या धाकट्या भावाचं, बाबलीचं नावही त्यात आहे. तो होडी उलटून गेला, आकांक्षा जन्मायच्या आधी. अशी आणखी काही नावं आहेत.

क्रम लावताना रिकामे रकाने सगळ्यात वर येतात. म्हणून मी क्वेरी, म्हणजे मशीनला विचारायचा प्रश्न, बदलली. आधी सगळ्यात कमी आकडा काढायचा, मग तो आकडा असलेल्या सगळ्या ओळी. सगळ्यात कमी आकडा काढताना मशीन रिकाम्या रकान्यांकडे बघतच नाही. शिवाय दोघांची हजेरी सारखी असेल तर दोघांनाही बोलावणं जातं, एकट्यावर अन्याय होत नाही.

तेजूला, लहान म्हणून, मी वगळलं. संध्याकाळी निरोप गेला तो बोटीवर जाणाऱ्या ओमकारला. आज सकाळी तो डोळे चोळत आला. "मशिनीन माका पकडल्यान," म्हणाला. सत्यवान म्हणाला, "बायलेन पकडूच्या आधी मशिनीन पकडल्यान ता बरा." सगळे हसले. पुण्याची माणसा बारीक हिशोब करतत, असं एक म्हातारी मला बघून म्हणाली. मीही हसलो असेन.

२५ नोव्हेंबर

काम नीट चालू आहे. तेजू आता रोज आजोबांबरोबर दोरावर जाते. तिची हजेरी चारवर गेली. ओमकार तिला चिडवतो, "तू म्हातारी होवपर्यंत माका मागे टाकशीत."

मी वर बसून रोज संध्याकाळी क्वेरीचा निकाल बघतो. निकाल बरोबर असतो. आकांक्षाचं नाव त्यात नसतं. नसणारच, मीच तसं केलं आहे. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. रिकामं म्हणजे मोजायचंच नाही.

हे मला माहीत आहे. हे मी नव्या मुलांना शिकवलं आहे.

२७ नोव्हेंबर

आज दुपारी मी क्वेरीत एक बदल केला. रिकामा रकाना असेल तर तो शून्य धरायचा. एवढाच.

का केला ते लिहिता येत नाही. तिचं नाव एकदा निकालात बघायचं होतं. बघून लगेच पूर्वीसारखं करणार होतो. तेवढ्यात तेजूने जेवायला हाक मारली आणि मी खाली गेलो. परत वर आलो तोवर निरोप जायची वेळ झाली होती.

आकांक्षाचा फोन मी कपाटावर ठेवतो, चार्ज करून. तो वाजला. मी उचलून बघितला. उद्या सकाळी दोरावर या. पुढे उभे राहा.

थोड्या वेळाने मामा जिना चढून वर आले. गुडघे दुखत असताना आले. त्यांच्या फोनवर बाबलीच्या नावाचा निरोप होता. बाबलीसाठी त्यांचाच नंबर लावलेला आहे. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "जावयानू, तुमी काय केलात?" ते रागावले नव्हते. मी चूक झाली म्हणून सांगितलं. उद्या दुरुस्त करतो म्हणालो.

२८ नोव्हेंबर

दुरुस्त करायला बसलो तेव्हा सकाळची हजेरी भरून झाली होती. आकांक्षाच्या नावापुढे एक. बाबलीच्या नावापुढे एक. रिकामा एकही रकाना उरला नव्हता.

सत्यवानला विचारलं. त्याने आईची शपथ घेतली. "मी नाय केलंय. माझो मोबाइल खिशात होतो." मग तो म्हणाला, आज दोर हलका होता. म्हणजे किती, असं मी विचारलं. तो म्हणाला, आपली माणसं कमी होती आणि तरी जाळं एका दमात आलं. म्हातारे विचारत होते, पाण्यात पुढे कोण आहे.

जाळं भरून सौंदाळे होते.

२९ नोव्हेंबर

मी बंद करणार होतो. मामा म्हणाले, नको. वाडीतली आणखी माणसं अंगणात आली होती. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. सगळ्यांचं म्हणणं एकच, रवांदे, राहू दे. एका बाईने माझे हात धरले. तिच्या नवऱ्याच्या नावाचा वाटा काल वाळूवर मांडला होता, तो तिने घरी नेला.

मामींनीही नेला होता. "माझ्या चेडवाचो वाटो," म्हणाल्या, म्हणजे लेकीचा. त्यांनी तिरफळं घालून कालवण केलं. मला वाढलं. मी जेवलो. चव लागली. बऱ्याच दिवसांनी लागली.

मी बंद केलं नाही.

२ डिसेंबर

रोज संध्याकाळी फोन वाजतो. मी तो हातात घेऊन बसतो. चार्जिंग उतरू देत नाही.

आज तेजू दोरावरून आली ती भिजलेली. मी विचारलं पुढे कशाला गेलीस. ती म्हणाली, आई पुढे होती. मी विचारलं, आई काही बोलली का. नाही म्हणाली. आईचे हात दोरावर आहेत, ती मान वळवत नाही, केस ओले आहेत. हे सगळं तिने चकली खाता खाता सांगितलं.

मी खिडकीतून बघतो तेव्हा शेवटच्या माणसाच्या पुढे, पाण्यात, फक्त दोर दिसतो. पण तो मधे मधे वर उचललेला असतो. कुणी हातात धरल्यावर असतो तसा.

३ डिसेंबर

तेजूला आज जाऊ दिलं नाही. दार लावून घेतलं. ती खूप रडली. मामी म्हणाल्या, आपल्या आवशीकडेच तर जाता, त्येका कित्याक अडवतास? मी दार उघडलं नाही.

५ डिसेंबर

तेजू घरात आहे. आज निकाल नीट बघितला. हे मला आधी दिसायला हवं होतं. माझं कामच ते आहे.

गेलेल्यांची हजेरी रोज एकाने वाढते. तेजूची अकरावर थांबली आहे, कारण ती घरात आहे. वाडीतल्या इतर सगळ्यांची हजेरी मोठी. अगदी ओमकारचीही. गेलेल्यांनी तेजूला मागे टाकलं की सगळ्यात कमी हजेरी एकाच ओळीत उरेल. तिला वगळायची अट माझ्या क्वेरीत आहे, पण आपली हजेरी आपणच लिहिणारे ती मानतील असं वाटत नाही.

मामांना सांगितलं. त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते खाली बसले. म्हणाले, मग तिला रोज दोरावर नेऊया, म्हणजे तिचीही वाढेल. मी म्हटलं, दोरावर कुणाच्या मागे?



६ डिसेंबर

क्वेरी पूर्वीसारखी केली. रिकाम्याला शून्य धरू नये. काही उपयोग नाही. ते आता रिकामे नाहीत. त्यांच्यापुढे आकडे आहेत.

निरोप पाठवणं बंद केलं. लॅपटॉपही बंद केला. संध्याकाळी फोन वाजला.

७ डिसेंबर

नावं काढून टाकली. मामांना न विचारता. तिचं नाव शेवटी काढलं. मशीन विचारतं, नक्की का? हो म्हटलं.

दुपारी सगळी परत होती. प्रत्येकापुढे एक जास्त.

तेजूपुढे मोठा आकडा लिहिला, सगळ्यांपेक्षा मोठा. चहा पिऊन आलो. पुन्हा अकरा होते. तिने जेवढं ओढलं तेवढंच.

८ डिसेंबर

पहाटेच तिला घेऊन निघालो. रिक्षाने कुडाळला आलो. स्टेशनवर बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. तेजू म्हणाली, बाबा, हात. तळहात लाल झाले होते. आधी लाल, मग सोलवटले. दोर हातातून सुटून ओढला जावा तसे. ती ओरडली. लोक जमले. मी पाणी ओतलं. थांबेना. समुद्राच्या उलट दिशेला तोंड करून उभी राहिली की वाढायचं.

परत रिक्षात बसवलं. रिक्षा वळली तसं थांबलं.

मामींनी हळद लावली. तेजूला अडवू नका असं आता त्या म्हणत नाहीत.

९ डिसेंबर

आज निरोप फक्त माझ्या फोनवर आला. तेजूला फोन नाही, तिच्यासाठी माझाच नंबर लावला होता.

तेजस्वी. उद्या सकाळी दोरावर या. पुढे उभे राहा.

निकालात एकच ओळ.

१० डिसेंबर

गेलो नाही. दाराला आतून टेबल लावलं. सगळे आत बसलो. बाहेर माणसांच्या हाका. सत्यवान दाराबाहेरून सांगत होता, आज कुणीच दोर धरला नाही, वाडीतलं एकही माणूस किनाऱ्यावर नाही, आणि जाळं येतंय.

मामा खिडकीशी गेले. बघितलं. पडदा ओढला.

तेजू झोपेत ओढत होती. दोन्ही हात पुढे करून. एकामागे एक —

११ डिसेंबर

पुन्हा निरोप. तेच शब्द.

एक उपाय आहे. एकच आहे. सगळ्यात कमी तिची अकरा असेल तर ते तिला बोलावतात. त्यापेक्षा कमी कुणी असेल तर बोलावणं त्याला.

मामांना सांगितलं. मी रापणीचा नाही. घाटाखालचा, जावई. माझं नाव कधी घातलंच नाही. मामा म्हणाले, नाव घालायला हात दोरावर लागतो. दोर मागच्या पडवीत होता, सुका, जुना. त्यावर हात ठेवला. सत्यवानने नाव घातलं. तो रडत होता. हजेरी शून्य. ओढलं कुठे अजून.

मामा म्हणाले, "आमचा घाला. आमी म्हातारी माणसा." पण त्यांची हजेरी सगळ्यांत जास्त आहे. आयुष्यभर ओढलं त्यांनी.

संध्याकाळी माझा फोन वाजला. माझं नाव. एकट्याचं.

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. तेजू माझ्या मांडीवर झोपली. तिच्या हातांच्या जखमा भरत आल्यात. उद्या मी जाईन, मग माझी एक होईल. परवा पुन्हा मीच सगळ्यात कमी. तेरवाही. तिच्या अकरापर्यंत पोचायला काही दिवस आहेत. तेवढ्यात काही —

१२ डिसेंबर

वाळूवर बसून लिहितोय. ऊन आलं आहे. पाणी शांत आहे. मतलई वारा पाठीमागून येतो. होडी जाळं घालून परत आली. होडीत कोण होतं ते मी बघितलं नाही.

वाडीतलं कुणी आलं नाही. मामींना सांगून आलोय, तेजूला खोलीतून सोडू नका. मामा दारात बसलेत.

दोर समोर आहे. त्याची पुढची जागा मोकळी आहे. माझ्यासाठी. त्या जागेच्याही पुढे, पाण्यात, ते उभे आहेत. कमरेपर्यंत. मला आता दिसतात. पाठमोरे. सगळे दोर धरून थांबलेत, जसे सत्यवानच्या हाकेसाठी थांबतात.

आकांक्षा सगळ्यात अलीकडे. तिचा नेहमीचा हिरवा ड्रेस. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. चार महिने स्वतःसाठी भीती अशी वाटलीच नाही, आजही नाही. फक्त तिचं नाव घ्यावंसं वाटलं. घेतलं.

तिने मान वळवली.

आता सगळ्यांनी वळवली. एकदम.

मी वही ठेवून उठणार होतो — जातो म्हणालो तिला, आलोच — पण ती माझ्याकडे बघत नाही. कुणीच माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतायत, वर, माडांकडे, आणि ती हसतेय, कुणी लांबून पळत येताना हसावं तशी, आणि हात पुढे —

मागे वाळूवर पावलांचा आवाज — हलका —

तेजू नको तिथेच थांब ति